त्यानं विचारलं होतं, ताई

सोलापूरच्या ताई,

थोरल्याला रक्ताचा कॅन्सर, केमोनं आजार आटोक्यात आलाय, आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडातल्या मज्जेचं रोपण. धाकट्याचं एचएलए (दाता जुळतो का ते सांगणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलं, पुढच्या महिन्यात खारघरच्या हॉस्पिटलात भरती. आणि तेव्हापासून हा १९ वर्षांचा मुलगा दार लावून बसतो, धड जेवत नाही. ‘माझ्या पोटचा पोर इतका स्वार्थी कसा?’ असं तुम्ही विचारता.

तुमच्या चार पानांत एक ओळ आहे. ‘रिपोर्ट आला त्या रात्री किती दुखतं विचारत होता, तर हे म्हणाले, दादाच्या जिवापुढे तुझं दुखणं काय.’ पुढच्याच ओळीत तुम्ही खर्चावर गेलात!

पोर घाबरलंय, ताई. त्यानं विचारलं आणि त्याला गप्प केलं गेलं. त्याला आता तरी सांगा. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. दादाला द्यायच्या मूळ पेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, बहुतेकदा रक्तातूनच घेतात. आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं. त्यांनी हाडं ठणकतात, अंग मोडून येतं. मग काही तास मशीनपाशी पडून राहायचं. एका हातातून रक्त निघतं, मूळ पेशी बाजूला होतात, उरलेलं रक्त परत अंगात जातं. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची ठरली तर भूल देतात, नंतर काही दिवस कंबर दुखते. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा तयार करतं.

आता तुमच्यासाठी. पेशी देण्याआधी थोरल्याला जबर केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा संपवतात. त्यानंतर धाकटा मागे फिरला, तर थोरल्याच्या जिवावर बेतेल. दटावून मिळवलेल्या होकारावर एवढा भार टाकणार आहात?

सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून डॉक्टरांची पहिली पसंती तो. पण आई-वडील मुलाशी निम्मे जुळतातच, आणि निम्म्या जुळणीवरही हल्ली ट्रान्सप्लांट होतात. म्हणजे सुईखाली यजमानांचाही हात जाऊ शकतो. हे त्यांना जरूर ऐकवा.

याच आठवड्यात धाकट्याला डॉक्टरांशी एकट्याला बोलू द्या. तुम्ही दोघं बाहेर बसा. आत काय बोलला ते विचारू नका. त्याला नाही म्हणायचं असेल, तर ते आत्ताच डॉक्टरांना कळू दे. आणि तिकडे जाण्याआधी, त्या रात्रीच्या वाक्याबद्दल यजमानांनी त्याची माफी मागायची. ते तयार नसतील तर तुम्ही मागा, आजच.