वाचकांचे प्रश्न : समुद्री गवत, केळीचा वायू आणि पूर्णाकाठची जमीन

समुद्री गवतांच्या जनुकांवर मागच्या अंकात लेख होता. त्यावर खानदेशातून बरीच पत्रं आली. त्यांतल्या चारांची उत्तरं इथे देत आहोत. लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. ही एकदल वनस्पती आहे. तिचे पूर्वज जमिनीवरचे होते. तिथून ते गोड्या पाण्यात आणि पुढे खाऱ्या पाण्यात गेले. जगभरात तिच्या साधारण ७० जाती आहेत.

प्रश्न : समुद्री गवतात इथिलीन तयारच होत नाही, असं लेखात वाचलं. आम्ही रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला हाच वायू सोडतो. झाडाला इतका गरजेचा वायू गवताने सोडला कसा? (सावदा)

लेखातलं ते वाक्य झोस्टेरा मरिना या जातीपुरतं घ्यावं. फिनलंडच्या किनाऱ्यावरून आणलेल्या या गवताचा संपूर्ण जनुकसंच २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २०,४५० जनुकं सापडली. इथिलीन बनवणारी जनुकं त्यांत नव्हती आणि इथिलीनचा संदेश पेशीत पोहोचवणारी साखळीही नव्हती.

कारण पाण्यात आहे. तुमच्या चेंबरमध्ये १६ ते १८ अंशांना १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास वायू सोडला, पंखा चालू ठेवला, की तो फणीफणीपर्यंत पोहोचतो. पाण्यात मात्र वायू हवेच्या सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यामुळे बुडालेल्या झाडात तयार झालेलं इथिलीन बाहेर पडत नाही, आतच साचतं. पुराच्या पाण्यात वाढणारा भात याचाच उपयोग करून घेतो. इथिलीन साचलं म्हणजे पाणी चढलं, हे त्याला कळतं आणि तो खोड उंच वाढवतो. समुद्री गवत जन्मभर बुडालेलंच असतं. त्याच्यात ही खूण कायम चालू राहील, म्हणून तिचा उपयोग शून्य. बुडाल्यावर हवेच्या पोकळ्या तयार करायला इतर झाडं इथिलीनची मदत घेतात. या गवतात त्या पोकळ्या पहिल्यापासूनच असतात. जनुकाचा उपयोग संपला की त्यात होणारे बिघाड नैसर्गिक निवडीतून गाळले जात नाहीत. ते साचत जातात आणि शेवटी जनुकच नाहीसं होतं.

पर्णरंध्रांचंही तसंच झालं. पानावर रंध्रं घडवणारी ‘स्पीचलेस’, ‘म्यूट’, ‘फामा’ ही जनुकं झोस्टेरात नाहीत. अतिनील किरण ओळखणारं जनुक गेलं, वास सोडणारी टर्पिनं बनवणारी जनुकंही गेली.

एक गैरसमज मात्र मुळातूनच काढायला हवा. ‘जनुकं गळाली म्हणून गवत समुद्रात जाऊ शकलं’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. २०२४ मध्ये पोसिडोनिया, सायमोडोसिया आणि थॅलासिया या समुद्री गवतांचे जनुकसंच झोस्टेराच्या जोडीने तपासले गेले. समुद्रात स्वतंत्रपणे उतरलेल्या तीन वंशांच्या या जाती. तुलनेतून निघालेला निष्कर्ष असा, की ही गळती बहुधा समुद्रात गेल्याचा परिणाम आहे, कारण नाही. खरं काम मिठाचा तोल, प्रकाश पकडणं, कार्बन मिळवणं, तापमान सोसणं या सगळ्यांत बारीक बारीक फेरफार होण्याचं होतं, आणि ते सगळे एकाच वेळी जुळावे लागले. समुद्रात परतलेल्या फुलझाडांचे वंश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का आहेत, ते यावरून कळतं.

प्रश्न : शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, समुद्र मात्र नाही. मुलांना यातलं काही दाखवता येईल का? (चोपडा)

येईल, आणि चांगलं दाखवता येईल. तळ्यात किंवा पाटचारीत हायड्रिला मिळतं. थॅलासिया आणि हॅलोफिला ही समुद्री गवतं त्याच्याच कुळातली. हायड्रिलाचं पान फक्त दोन पेशींइतकं जाड असतं, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही.

३५ ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवा आणि वर पाणी घालून बरोबर एक लिटर करा. समुद्राचा खारटपणा साधारण एवढाच असतो. शेंड्याजवळचं कोवळं पान साध्या पाण्याच्या थेंबात ठेवून वर पातळ काचपट्टी (कव्हरस्लिप) टाका आणि ४०० पटीने पाहा. पेशीभित्तीला चिकटलेले हिरवे कण दिसतील. मग काचपट्टीच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढा. काही मिनिटांत पेशीतला हिरवा ऐवज भिंत सोडून मधोमध गोळा होऊ लागतो. लगेच साधं पाणी दिलं तर बऱ्याच पेशी पुन्हा फुगतात. उशीर झाला तर मरतात.

जुनी पानं घेऊ नका. आपल्याकडच्या जड पाण्यात त्यांच्यावर चुन्याचा थर बसतो आणि काही दिसत नाही. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून काचपट्टी तिरपी धरून हळू टेकवा. रंध्रं पाहण्यासाठी ज्वारीच्या पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिश लावा, पूर्ण वाळू द्या आणि पारदर्शक चिकटपट्टीने सोलून काचेवर लावा. रंध्रांच्या ओळी स्पष्ट उमटतात. हायड्रिलाच्या पानावर मुलांनी कितीही शोधलं तरी रंध्र सापडणार नाही. म्हणजे रंध्रं गोड्या पाण्यातच सुटू शकतात. मिठाची अडचण वेगळी आहे. हे दोन्ही प्रयोग एकाच तासाला घेतले तर मुलांना तो फरक नीट पटेल.

प्रश्न : पूर्णाकाठच्या आमच्या काही शेतांत जमीन खारवट होऊन खराब झाली आहे. या गवताचं जनुक कपाशीत घालता येणार नाही का? (मुक्ताईनगर)

असं एक जनुक नाही. समुद्री गवत पेशीत शिरणारं सोडियम सतत बाहेर ढकलतं. झोस्टेरा तर बाहेरच्या सोडियमचाच जोर वापरून नायट्रेट आत ओढते. तिच्या पेशीभित्तीत समुद्री शेवाळांसारख्या गंधकयुक्त शर्करा असतात. पण त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. कपाशी मुळाने पाणी ओढते आणि पानातून उडवते. पाणी उडतं, मीठ पानात राहतं. बुडालेल्या गवताच्या पानातून पाणी उडतच नाही. त्यामुळे कपाशीचा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नाही, आणि त्याचं उत्तर कपाशीला लागू पडणार नाही.

तुमच्या हातातलं काम माती परीक्षणाचं आहे. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता ७.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की कपाशीचं उत्पन्न घटू लागतं. केळी त्याच्या कितीतरी आधी माना टाकते. प्रयोगशाळा बहुधा १:२.५ द्रावणातली (एक भाग माती, अडीच भाग पाणी) क्षारता देते. तो आकडा कमी येतो, त्याची ७.७ शी थेट तुलना करू नका. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम) १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली आहे. तिथे परीक्षणात निघेल तेवढा जिप्सम आणि निचऱ्याचे चर लागतात. पूर्णेच्या गाळाच्या जमिनीत हाच दोष जास्त दिसतो. नुसते क्षार असतील तर जिप्समचा खर्च वाया जातो. तिथे चांगल्या पाण्याने धुवण आणि निचरा पुरे.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी समुद्री गवताचा डीएनए काढायचा आहे. काय जपावं? (धुळे)

आधी परवानगी घ्या. समुद्री गवताची कुरणं सीआरझेड-१अ या किनारी संरक्षित वर्गात येतात, तिथून मनाने उपटून आणता येत नाही. नमुना मिळाला की पानावरचे डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) आणि इतर शेवाळ पात्याने खरवडून काढा; नाहीतर त्यांचाच डीएनए वाचला जाईल. सर्वांत कोवळ्या पानाचा बुडखा घ्या आणि त्याच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये वाळवा. सिलिकाचा रंग उतरला की ती लगेच बदला, ओलसर पानात डीएनए तुटतो. सीटॅब या रसायनाने डीएनए काढण्याच्या पद्धतीत फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी २ टक्के घाला, नाहीतर फिनॉलमुळे द्रावण तपकिरी होतं आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) चालत नाही. डीएनएचा गोळा बुळबुळीत आला तर शर्करा राहिल्या असं समजा. अशा वेळी २६०/२३० हे (२६० आणि २३० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं) गुणोत्तर २ च्या बरंच खाली येतं. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलची (२४:१) धुलाई आणखी एकदा करा.