नोकरी लागत नाही म्हणून इतिहासाची डिग्री बंद करावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खानापूर तालुक्यातलं घर, दोन एकर शेत, मुलगी पीयूसी (बारावी) आर्ट्स चांगल्या मार्कांनी पास झाली आहे आणि तिला इतिहास घेऊन बी.ए. करायचं आहे. मेहुणे म्हणतात, बी.ए. होऊन शेवटी सोसायटीची पिग्मीच, म्हणजे लोकांची रोजची बचत, गोळा करणार ना? आणि तुम्ही पुढं विचारलंय की ज्या डिग्रीला नोकरी नाही ती विद्यापीठं चालवतात तरी कशाला.

मी १९९७ साली इतिहास घेऊनच बी.ए. झाले. तेव्हा आपली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. तीन वर्षं अर्जांत गेल्यावर पुढं चार वर्षं मी पिग्मी गोळा केली, बेळगावच्या शहापूर आणि खडेबाजारातल्या दुकानांतून, रोज संध्याकाळी. आज त्याच धंद्यातल्या एका सोसायटीची शाखा सांभाळते. त्यामुळं हा प्रश्न माझ्या घरात खूप वर्षं चघळला गेलाय.

माझं उत्तर असं आहे: डिग्रीची किंमत नोकरीवरून ठरवू नये, कारण नोकरीचा आकडा डिग्रीबद्दल फार थोडं सांगतो. तो सांगतो तुम्ही कुठं राहता, कोणत्या साली पास झालात आणि घरचे तुम्हाला किती दिवस थांबू देतात. आपल्या भागात तर हे डोळ्यांना दिसतं.

बेळगावातून वेंगुर्ला रस्त्यानं निघालात की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची आणि लगेच महाराष्ट्रातली शिनोळी. वीस किलोमीटरसुद्धा होत नाहीत. बाचीतली मुलगी आणि शिनोळीतली मुलगी एकाच बोलीत बोलतात, एकमेकींच्या लग्नाला जातात. दोघींनी मराठी शाळेत शिकून इतिहासात बी.ए. केलं असं धरा. शिनोळीची मुलगी तिच्या सरकारी परीक्षांना मराठीतून बसेल. बाचीच्या मुलीला कर्नाटकातल्या भरतीसाठी कन्नडची सक्तीची परीक्षा आधी काढावी लागेल. महाराष्ट्रात जायचं म्हटलं तर महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना तिथं अर्ज करता येतो, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडावा लागतो. पुस्तकं जवळपास तीच, डोकं तेच, कष्ट तेच. मग बाचीच्या मुलीची डिग्री कमी दर्जाची कशी झाली?

तुम्ही खानापूरचे, म्हणून हेही सांगते. १९५६ च्या पुनर्रचनेत आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढं सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ साली अहवाल दिला, त्यात बेळगाव शहर म्हैसूरकडंच ठेवायचं पण निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची अशी शिफारस होती. ती अंमलात आली नाही. आली असती तर तुमच्या मुलीच्या ह्याच बी.ए.पुढं वेगळ्या भरत्या, वेगळ्या परीक्षा असत्या. सहा दशकांपूर्वीचा एक कागद जी गोष्ट बदलू शकत होता, तिच्यावरून इतिहास शिकवावा की नाही हे ठरवायचं, हे मला पटत नाही.

आणि हा अहवाल मला कुठं भेटला? बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरी सीमाप्रश्न म्हणजे एक तर वडिलांचा संताप, नाही तर आजोबांचं गप्प बसणं. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा एवढं माहीत. कॉलेजात पहिल्यांदा कळलं की ह्या रेषेमागं जनगणनेचे आकडे आहेत, राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाचा १९५५ चा अहवाल आहे, दोन्ही बाजूंनी मांडलेले युक्तिवाद आहेत, आणि काहींना उत्तर देणं आपल्यालाही सोपं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी आजोबांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय केलंत? ते दोन तास बोलले. मला आठवतं तसं त्याआधी ते माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. ह्याचा पगार निघत नाही. पण हे मिळालं नसतं तर मी माझ्याच अंगणात परकी राहिले असते, असं मला आजही मनापासून वाटतं.

आता सालाचं बघा. माझा भाऊ एसएसएलसी (दहावी) नंतर आयटीआयला गेला, टर्नर. अठराव्या वर्षी उद्यमबागेत लेथवर उभा राहिला. मी डिग्री करत होते तेव्हा तो घरात पगार आणत होता, आणि सगळे म्हणायचे, शहाणा पोरगा. शहाणा होताच. पण पुढं कारखान्यांत संगणकावर चालणारी सीएनसी मशिनं आली आणि हातानं लेथ चालवणाऱ्यांची गरज कमी कमी होत गेली. तिशी ओलांडल्यावर त्याला प्रोग्रॅमिंग नव्यानं शिकावं लागलं, तेही रात्री, स्वतःच्या पैशानं. मामेभाऊ १९९८ ला इंजिनिअरिंगला गेला, त्याच साली आपल्या बेळगावात व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ सुरू झालं. तो २००२ ला बाहेर पडला तेव्हा आयटीत मंदी होती, दीड वर्ष घरी बसला. त्याच्या मागून तीन-चार वर्षांनी पास झालेल्यांना कॉलेजातच नोकऱ्या मिळाल्या. शाखा तीच, मास्तरही बहुतेक तेच.

पण सगळ्यात वाईट वाटतं ते डी.एड.वाल्यांचं. आठवत असेल तुम्हाला ती लाट. गावात कुणाची मुलगी हुशार निघाली की डी.एड., दुसरा विचारच नाही. का, तर शिक्षकाची नोकरी नक्की. कॉलेजं निघाली, डोनेशनं दिली गेली, दागिने गहाण पडले. ज्यांना शिकवायची आवड नव्हती तेही गेले, कारण हा अभ्यासक्रम सगळ्यांनी एकाच मापानं मोजला होता. आणि सगळे एकाच दाराशी गेल्यावर जागा कुठून पुरणार? त्यातच टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, मराठी शाळांतली पटसंख्या घसरली. माझ्या ओळखीतल्या दोन डी.एड. झालेल्या मुली आज काजू कारखान्यात गर सोलतात. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी त्या वेळच्या शहाण्या माणसांचं ऐकलं होतं. नोकरी बघून निवडलेल्या डिग्रीचं हे दुखणंच आहे, की निवडताना दिसणारी नोकरी तीन वर्षांनी तिथं असेलच असं नाही.

परदेशातही हे करून बघितलंय. ऑस्ट्रेलियानं २०२१ पासून इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांची फी दुपटीहून जास्त केली आणि नर्सिंग, शिक्षण वगैरेची कमी केली, हेतू हा की मुलांनी नोकरीच्या विषयांकडं वळावं. २०२४ साली तिथल्या सरकारनंच नेमलेल्या समितीनं ही पद्धत बदला असं सांगितलं, कारण मुलांची निवड फारशी बदलली नाही, डोक्यावरचं कर्ज मात्र वाढलं.

तुमचे मेहुणे एक आकडा दाखवतील, तो खरा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भारताविषयीचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. ह्यावरून कुणी म्हणेल, शिकून बेकार होण्यापेक्षा न शिकलेलं बरं. पण ज्या मुलीला लिहिता येत नाही ती बेकार राहूच शकत नाही. ती दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवर जाते, निपाणीत असली तर विड्या वळते. बेकार म्हणून मोजलं जायला घरात दोन वेळचं जेवण आणि थोडी वाट बघण्याची सोय लागते. पदवीधराला ती असते, म्हणून तो आकड्यात दिसतो.

तरीही तुमची काळजी खोटी नाही. दोन एकरांत तीन वर्षं काढणं सोपं नसतं, आणि ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनी "ज्ञानासाठी शिका" म्हणून तुम्हाला उपदेश करू नये. माझीही पहिली तीन वर्षं रिकामी गेली. अर्ज, परीक्षा, कन्नडात नापास, परत अर्ज. वडील काही बोलायचे नाहीत, तेच जास्त लागायचं. शेवटी पिग्मी घेतली, आणि तिथं कन्नड शिकले, पुस्तकातून कमी आणि दुकानदारांकडून जास्त.

डिग्रीचा उपयोग मला दिसला तो शाखेत कारकून झाल्यावर. एका आजींना जमिनीवर कर्ज हवं होतं. त्यांच्याकडं नवऱ्याच्या नावचा १९४८ चा दस्त होता, मराठीत, आणि आत्ताचा उतारा कन्नडात. दस्तात नाव धाकलू भरमू. उताऱ्यात दाकलू बरमू. साहेब म्हणाले, ही दोन वेगळी माणसं, प्रकरण परत करा. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. कागद कधी लिहिला, कुणी लिहिला, लिहिणाऱ्याची भाषा कोणती, हे प्रश्न मला कॉलेजात लागलेली सवय. मराठी नाव ऐकून कन्नडात उतरवणाऱ्या कारकुनानं ध चा द आणि भ चा ब केला होता, एवढंच. मग त्याच गावचे आणखी उतारे काढून बघितले, सगळीकडं तसंच. आजींनी तहसीलदारांकडून नाव दुरुस्त करून घेतलं, कर्ज मिळालं. त्यानंतर आसपासच्या गावातल्या बायका असे कागद घेऊन माझ्याकडं येऊ लागल्या, अजून येतात. कुठल्या प्लेसमेंटच्या तक्त्यात हे लिहायचं?

नोकरीवरून मोजूच नये असं मात्र मी म्हणत नाही. जो अभ्यासक्रम नोकरीचं आश्वासन देऊन पैसे घेतो, "शंभर टक्के जॉब" असा बोर्ड लावतो, त्याला नोकरीवरूनच मोजा, आणि कडक मोजा. तिथं एकही सूट देऊ नका. इतिहासाच्या विभागानं तुम्हाला नोकरी कबूल केलेली नाही. त्यानं कबूल केलंय की पोरगी वाचायला, पडताळायला आणि नीट लिहायला शिकेल. तर ते तो शिकवतो का, हे तपासा. बऱ्याच ठिकाणी शिकवत नाहीत, नोट्स उतरवून घेतात आणि पेपर सोडवून घेतात, हेही मला माहीत आहे. अशी डिग्री नोकरी लागली तरी वायाच गेली म्हणायची.

सरकारही एका अर्थानं तुमच्याच प्रश्नाशी झगडतंय. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या कर्नाटकाच्या युवानिधी योजनेत पास होऊन सहा महिने नोकरी नसेल तर पदवीधराला महिना ३००० आणि डिप्लोमावाल्याला १५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. नियम बघून घ्या, आणि मुलगी पास झाल्यावर अर्ज करायला लाजू देऊ नका. अभ्यासाच्या पुस्तकांना आणि परीक्षांच्या फीला ते पैसे होतात.

मुलीला विचारून एक गोष्ट आजपासूनच सुरू करा, कन्नड. बोलण्यापुरतं नव्हे, अर्ज लिहिता येईल इतकं. त्यानं मराठी कमी होत नाही. माझी तीन वर्षं वाचली असती.

कॉलेज निवडायला सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी जा. बसला तिकीट तुमचं एकट्याचं लागेल, तिला कर्नाटकाच्या शक्ती योजनेत फुकट आहे. ऑफिसात विचारा, गेल्या पाच वर्षांत इतिहास घेऊन पास झालेली मुलं आज काय करतात. भिंतीवरचे सहा फोटो दाखवतील, ते नकोत, सगळ्यांची यादी मागा. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजला ही माहिती द्यावी लागते, म्हणजे ती त्यांच्याकडं असायला हवी. मग ग्रंथालयात जाऊन इतिहासाची चार पुस्तकं उघडा आणि मागच्या पानावर शेवटची तारीख कधीची पडलीय ते बघा. आणि इतिहासाच्या सरांना किंवा मॅडमना गाठून एवढंच विचारा: आपल्या खानापूर तालुक्यात हलशी आहे, कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, शिलालेख आहेत, नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, तर मुलांना तिथं कधी नेलं होतं का?

नेलं होतं म्हणाले आणि मुलांनी त्यावर लिहिलेलं काही काढून दाखवलं, तर तिथंच फॉर्म घ्या. नाही म्हणाले तर दुसरं कॉलेज बघा, विषय बदलू नका.