विषय गर्भाशयाचा, वाट रसायनशास्त्राची

नमस्कार ताई,

तुमची लेक एसवायबीएस्सीला रसायनशास्त्र शिकतेय आणि गर्भाशयासारख्या अवयवांत स्टेरॉइड हार्मोन कसं शिरतं, कसं टिकून राहतं, यावर तिला संशोधन करायचंय. बारावीनंतर जीवशास्त्र सुटलं, मग ही वाट बंद झाली का, यात पोटापाण्याचं काय, आणि नातेवाइकांना तिचा विषय सांगताना जीभ अडते, असं तुम्ही लिहिलंय.

वाट बंद झालेली नाही. या विषयाचा पायाच मुळी एका रसायनशास्त्रज्ञानं घातला. शिकागो विद्यापीठातले एलवूड जेन्सन मूळचे सेंद्रिय रसायनशास्त्राचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना आणि हर्बर्ट जेकबसन यांना एक साधा प्रश्न पडला होता: इस्ट्राडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेन गटातलं मुख्य स्त्री-हार्मोन, शरीरात गेल्यावर नेमकं जातं कुठे? हे हार्मोन इतक्या थोड्या मात्रेत काम करतं की मोजणार कसं, हीच मोठी अडचण. त्यांनी हार्मोनच्या रेणूला ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन जोडला, आणि वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना त्याची अगदी सूक्ष्म मात्रा टोचली. यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांतलं हार्मोन रक्तातल्या पातळीबरोबर वाढलं आणि तिच्याबरोबर उतरलंही. गर्भाशय आणि योनीमार्गानं मात्र ते कितीतरी तास धरून ठेवलं. तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता की हार्मोन पेशीतल्या रासायनिक क्रियेत स्वतः बदलतं आणि तसं काम करतं. पण गर्भाशयात सापडलेलं इस्ट्राडिऑल जसंच्या तसं होतं. म्हणजे त्याला पकडून ठेवणारं काहीतरी तिथे असणार. ते म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर हे प्रथिन. हार्मोनचा रेणू लहान आणि मेदात विरघळणारा, त्यामुळे तो कुठल्याही पेशीत शिरतो. टिकतो तो जिथे हे प्रथिन असतं तिथे. मग ही जोडी डीएनएवर बसून जनुकांचं काम सुरू किंवा बंद करते. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण सगळं उत्तर एका नीट बनवलेल्या रेणूतून आलं. २००४ मध्ये जेन्सन यांना लास्कर पुरस्कार, हा वैद्यकीय संशोधनातला मोठा सन्मान, मिळाला.

नातेवाइकांचं म्हणाल, तर स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं, तो हाच रिसेप्टर. त्यावरून टॅमॉक्सिफेनसारखं औषध उपयोगी पडेल का, हे डॉक्टर ठरवतात. तिचा विषय एवढा जवळचा आहे. तो सांगताना अवघडू नका.

आता पुढचं शिक्षण. एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही आयआयटींची प्रवेश परीक्षा आहे. रसायनशास्त्राचा पेपर देऊन पुढे जैवरसायनाकडे वळता येतं. जैवतंत्रज्ञानाकडे जायचं असेल, तर संस्था बारावी आणि बीएस्सीच्या विषयांच्या अटी घालतात, त्या आधी वाचा. दरम्यान तिनं पेशीशास्त्र आणि जैवरसायन स्वतःहून वाचायला हवं. यात सूट नाही. पीएचडीसाठी परळची आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था थेट याच क्षेत्रातली. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, कर्करोगाच्या बाजूनं.

पैशांचं स्पष्ट सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, आणि कायम शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या असतात. पण एमएस्सीवर थांबली तरी रक्तातलं औषध किंवा हार्मोन मोजणाऱ्या बायोअ‍ॅनालिटिकल प्रयोगशाळांना, औषध कंपन्यांना रसायनशास्त्राचीच माणसं लागतात.

एक गोष्ट तिला घरात शांतपणे विचारा. या क्षेत्रात उंदरांवर काम करावं लागू शकतं. ते तिला झेपेल का? काही जण पेशी वाढवून त्यांच्यावरच काम करतात, पण हे आधीच कळलेलं बरं.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढता येतात. अर्ज साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला निघतात आणि प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. तेव्हा तिनं आपल्या सरांशी किंवा मॅडमशी आत्ताच बोलून ठेवावं.