आई-वडिलांची खोली: व्हेरियन्सचा अर्ज करावा की आराखडा बदलावा?

प्रश्न (संक्षेपाने): आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. आई-बाबा ग्रीन कार्डावर पुण्याहून कायमचे आमच्याकडे आले आहेत. बाबांना जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर घराच्या बाजूला, पायरीविना आत येता येईल अशी खोली, न्हाणीघर आणि जमल्यास आईसाठी लहानसे स्वयंपाकघर बांधायचे आहे. टाउनशिपच्या (स्थानिक नगर प्रशासनाच्या) नियमाने बाजूच्या हद्दीपासून १० फूट जागा मोकळी हवी. आमच्या आराखड्यात ६ फूट उरते. बांधकामाचा अंदाज १,६०,००० डॉलर आहे आणि व्हेरियन्ससाठी, म्हणजे या नियमातून सूट मागण्यासाठी, वकील, प्लॅनर (नियोजनतज्ज्ञ), सर्व्हे, फी व एस्क्रो (टाउनशिपकडे भरायची आगाऊ ठेव) मिळून सुमारे १४,००० लागतील. नियमात बसणारी खोली घरामागे काढता येते, तिचा खर्च १,७८,००० आहे. बचत ७०,००० आहे, उरलेले होम इक्विटी लाइनमधून, म्हणजे घरावर मिळणाऱ्या कर्जातून, घेऊ. अर्ज करावा का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. दोन आराखड्यांत आपल्याला १८,००० डॉलरचा फरक दिसतो आहे, परंतु त्यातले १४,००० अर्जावरच खर्च होणार असल्याने मंजुरी मिळाली तरी खरी बचत केवळ ४,००० डॉलरची आहे. उलट अर्ज फेटाळला गेला आणि शेवटी खोली मागेच बांधावी लागली, तर एकूण खर्च १,९२,००० वर जातो. निव्वळ पैशाच्या हिशेबाने अर्ज परवडायचा असेल, तर मंजुरीची शक्यता ७८ टक्क्यांच्या वर असली पाहिजे. आपल्या प्रकरणात ती तेवढी आहे असे मला वाटत नाही.

न्यू जर्सीच्या १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये सेटबॅकची (हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेची) सूट मागण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अडचणीचा: जमीन अरुंद, उथळ, वेड्यावाकड्या आकाराची किंवा चढउताराची आहे, किंवा तिच्यावरील कायदेशीर बांधकामामुळेच नियम पाळणे अवघड झाले आहे, हे दाखवावे लागते. ही अडचण जमिनीची असावी लागते, कुटुंबाची नव्हे. बाबांचे गुडघे हे खोली बांधण्याचे सर्वांत खरे कारण असले, तरी अर्जावर निर्णय देणाऱ्या बोर्डापुढे त्याचे वजन फार थोडे पडते, कारण व्हेरियन्स जमिनीला चिकटतो आणि उद्या घर विकले तर नव्या मालकाकडे जातो. आपण पाठवलेल्या सर्व्हेत भूखंड आयताकृती व सपाट आहे, आणि मागे नियमात बसणारी खोली निघते हे आपणच लिहिले आहे. या दोन गोष्टी पहिला मार्ग जवळजवळ बंद करतात. दुसऱ्या मार्गात सूट दिल्याने कायद्याच्या नियोजनविषयक हेतूंपैकी एखादा साधतो आणि होणारा लाभ हानीपेक्षा ठळकपणे मोठा आहे, हे सिद्ध करावे लागते. तेथे प्लॅनरची साक्ष उपयोगी पडते, म्हणून अर्ज करायचाच झाला तर त्या खर्चात काटकसर करू नका. आपण व्यक्ती म्हणून स्वतः बाजू मांडू शकता, परंतु घर एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर असेल तर वकील अनिवार्य आहे.

१४,००० ही कमाल मर्यादा नाही, हेही ध्यानात घ्यावे. एस्क्रोची रक्कम बोर्डाच्या इंजिनिअर आणि वकिलाच्या तासांना वापरली जाते. उरलेली परत मिळते, पण संपली तर पुन्हा भरावी लागते. २०० फुटांतील प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती जाहीरपणे प्रसिद्धही करावी लागते. नोटिशीत चूक राहिली तर बोर्डाला सुनावणी घेण्याचा अधिकारच उरत नाही आणि सारे पुन्हा करावे लागते. शेजाऱ्यांची संमती हा मंजुरीचा आधार नाही, पण त्यांच्या विरोधामुळे सुनावणी लांबते आणि तासांचे बिल वाढते. म्हणून नोटीस पोहोचण्यापूर्वी आपण स्वतः त्यांच्या घरी जाऊन आराखडा दाखवावा.

आईंच्या स्वयंपाकघराबाबत मात्र माझा स्पष्ट आग्रह आहे की, शेगडीसह दुसरे स्वयंपाकघर आराखड्यात दाखवू नये आणि नंतर गुपचूप बसवूही नये. अनेक टाउनशिप त्याला दुसरे स्वतंत्र घर मानतात, आणि एका कुटुंबाच्या घरांसाठी राखलेल्या क्षेत्रात तसे झाले की प्रश्न सेटबॅकचा न राहता वापराचा होतो. त्या व्हेरियन्सला बोर्डाची किमान पाच मते लागतात. आईंसाठी सध्याच्या स्वयंपाकघरात ओटा वाढवणे अधिक स्वस्त व सुरक्षित आहे.

वेळेचाही पैसा लागतो. अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवायला ४५ दिवस, त्यानंतर निर्णयाला १२० दिवस अशी कायद्यातील मुदत आहे, आणि निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस कोणीही न्यायालयात दाद मागू शकतो. हा काळ सरेपर्यंत कॉन्ट्रॅक्टरला आगाऊ रक्कम देऊ नये आणि इक्विटी लाइनमधून काहीही उचलू नये. त्या कर्जाचा दर सहसा बदलता असतो. व्याजाची वजावट घराच्या सुधारणेसाठी मिळू शकते, परंतु २०२५ मध्ये जोडप्याची प्रमाणित वजावट (तिच्याऐवजीच व्याजाची वजावट घेता येते) ३१,५०० डॉलर असल्याने ती प्रत्यक्षात किती लाभेल हे आपल्या करसल्लागारांकडून तपासून घ्यावे. बांधकाम पूर्ण झाल्यानंतरच्या महिन्यापासून वाढीव मूल्यांकनावर मालमत्ता कर सुरू होईल. राज्यातील सरासरी वार्षिक बिल २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेले होते, तेव्हा ही वाढ हप्त्याइतकीच गांभीर्याने धरावी.

बचतीविषयी माझी काळजी वेगळी आहे. ग्रीन कार्डावर आलेल्या पासष्टीपुढील पालकांना मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) विकत घेण्यासाठीही सहसा अमेरिकेत सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोपर्यंत त्यांच्या विम्याचा आणि उपचारांचा भार आपल्यावर आहे, म्हणून ७०,००० पैकी निदान ४०,००० डॉलरला हात लावू नये, असे मी सुचवेन. त्यामुळे कर्ज वाढेल हे मला मान्य आहे. तो वाढीव हप्ता झेपत नसेल तर खोली लहान करावी, राखीव रक्कम नव्हे.

माझे मत बदलू शकेल अशी एकच बाब आपल्या पत्रात आहे, ती म्हणजे पायरीविना प्रवेश. मागच्या खोलीला असा प्रवेश काढता येत नसेल आणि बर्फात बाबांना घराला वळसा घालून जावे लागणार असेल, तर अर्जाचा खर्च मी बचतीच्या हिशेबात न धरता सोयीची किंमत म्हणून धरेन. तेव्हाही अतिक्रमण ४ फुटांवरून २ फुटांवर आणता येते का, हे आर्किटेक्टला विचारावे. व्हीलचेअर वळवायला ५ फुटांचे वर्तुळ लागते, तेवढे राखून न्हाणीघराची जागा बदलून पाहता येईल, आणि मागणी लहान असली की तिचे समर्थन सोपे जाते.

तेव्हा सध्या वकिलाचा करार थांबवावा आणि मागच्या खोलीचा रॅम्पसह आराखडा काढून घ्यावा. तो घेऊन टाउनशिपच्या झोनिंग अधिकाऱ्यांना भेटावे, आणि त्याच भेटीत व्हेरियन्स मंजूर झाल्यास तो किती काळात वापरावा लागतो हेही विचारावे, कारण अनेक ठिकाणी त्याला मुदत असते. रॅम्प मागे बसला, तर अर्ज करू नये.