माज: गाईचा आणि माणसाचा

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: "शेजारच्या गोठ्यातली गाय रात्रभर हंबरत होती. आई म्हणाली, माजावर आलीय. त्यावर माझी लेक म्हणाली, माज म्हणजे घमेंड ना? गाईला कसली घमेंड? हे दोन माज एकच की वेगळे?"

एकच. मूळ अर्थ धुंदी. संस्कृतात मद् हा धातू आहे, त्याचं 'माद्यति', प्राकृतात 'मज्जइ', आणि मराठीत माजणे. त्या धुंदीची एक वाट गोठ्याकडे गेली, दुसरी माणसाच्या तोऱ्याकडे. रान माजतं, तण माजतं, ती तिसरी.

याच घरातला आणखी एक शब्द आपण इंदूरकर रोज सकाळी वापरतो. मद् पासून संस्कृतात 'मत्त' झाला, आणि तिकडे फारसीत त्याचा सख्खा भाऊ 'मस्त'. फारसीतून तो आपल्याकडे आला. हत्ती मस्तीत येतो तो याच शब्दाने, मस्तवाल माणूसही त्यातलाच. पोह्यांवर शेव, जिरावन घालून "मस्त झालेत" म्हणताना आपण धुंदीचाच शब्द उच्चारत असतो.

पण मला ताईंना खरं सांगायचंय ते वासाबद्दल. या शब्दांच्या कुळात वास पहिल्यापासून आहे. संस्कृतात 'मद' म्हणजे नुसती धुंदी नाही. माजावरच्या हत्तीच्या गंडस्थळातून झरणारा स्रावही मदच. कस्तुरीला म्हणतात मृगमद, आणि ती नर कस्तुरीमृगाच्याच पोटाशी, बेंबीजवळच्या ग्रंथीत तयार होते. 'गंधगज' असाही एक सुंदर शब्द आहे: ज्याच्या नुसत्या वासाने बाकीचे हत्ती मागे सरतात, तो. हा केवळ कविकल्पनेचा डौल नाही. मस्तीतल्या थोराड नराचा उग्र दर्प आला की लहान नर खरोखरच वाट सोडतात. 2002 साली आशियाई हत्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्यांदा मस्तीत येणाऱ्या कोवळ्या नरांच्या स्रावाला मधासारखा गोड वास असतो आणि वय वाढलं की तो उग्र होतो, असं त्यात दिसलं. गोड वास म्हणजे थोरल्यांना सांगणं, की मी अजून तुमच्या वाटेत नाही. हे वाचलं तेव्हा हत्तीच्या गंडस्थळाभोवती भुंगे घोंघावत असल्याची जुन्या काव्यांतली वर्णनं एकदम आठवली.

हत्तिणीचं तर याहून नवल. ती माजावर येण्याआधी तिच्या मूत्रात जे द्रव्य उतरतं, तेच अनेक जातींच्या पतंगांच्या माद्याही नराला बोलवायला हवेत सोडतात. हे 1996 साली उजेडात आलं. नर ते मूत्र सोंडेच्या टोकाने टिपतो आणि टाळूला लावतो.

हेच आपला वळू ओठाने करतो. लहानपणी आमच्या वाड्यामागच्या बोळात मी ते हातभर अंतरावरून पाहिलंय. गाय मुतली. वळूने तिथे नाक लावलं, जीभ लावली, मग मान वर करून वरचा ओठ पार उलटा मुडपला. हिरडी उघडी, डोळे अर्धे मिटलेले, आणि तो तसाच थबकून राहिला. आजी म्हणाली, "हसतोय बघ." तो हसत नव्हता. गाईगुरांत टाळूच्या पुढच्या भागात दोन बारीक छिद्रं असतात. तिथून वास नाकाच्या तळाशी असलेल्या जेकबसन इंद्रियात खेचला जातो. ही गाय माजावर आहे की नाही, याचा निवाडा तिथे होतो. या ओठ मुडपण्याला मराठीत रुळलेला शब्द मला आढळलेला नाही. 'हुंगणे' त्याला अपुरं पडतं, कारण त्यात जीभ आणि टाळूही आहे. आजीचं 'हसणं' मात्र दिसायला अगदी हुबेहूब आहे.

आपल्या गोठ्यांतही माजाचे शब्द भरपूर आहेत. गाय बळस म्हणजे चिकट स्राव टाकते, हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते. साधारण 21 दिवसांनी माज पुन्हा येतो. म्हशीचा बरेचदा 'मुका माज' असतो: हंबरणं नाही, गडबड नाही, मालकाला पत्ताच लागत नाही. रेड्याला मात्र वासावरून कळतं. 'मुका माज' हा शब्द ज्याने घडवला, त्याने रात्री-अपरात्री उठून गोठ्यात पाहिलं असणार.

आता वापराचं. जनावर माजावर येतं. माणसाला माज येतो किंवा चढतो. "ती माजलीय" हे बाईबद्दल म्हटलं तर शिवी होते. "गाय माजावर आलीय" हे दूधवाल्यालाही आणि गुरांच्या डॉक्टरलाही खुशाल सांगावं. इथल्या हिंदीत "गाय गरमी में आई" म्हणतात, म्हणून आपल्याही काही घरांत लाजून "गाय गरम झालीय" म्हणू लागलेत. मला ते पटत नाही. 'गरम' म्हटलं की ताप आल्यासारखं वाटतं. 'माज' म्हटलं की मद, मृगमद आणि गंधगज सगळे सोबत येतात. तेव्हा ताई, लेकीला सांगा, आजीने शब्द अगदी बरोबर वापरलाय.