नगरपरिषदेचा हवामान कृती आराखडा कुठून सुरू करायचा?

प्रश्न असा आहे: ‘आमची ब वर्ग नगरपरिषद आहे, लोकसंख्या 60 हजारांच्या आसपास. मी पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका. हवामान कृती आराखडा करायचं घाटतंय आणि एका सल्लागाराने भलीमोठी रक्कम सांगितली आहे. अशा आराखड्याचा छोट्या शहराला खरंच उपयोग होतो का? होत असेल तर सुरुवात कुठून करायची?’

ताई, उपयोग होतो. हवामान कृती आराखडा म्हणजे शहराचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं आणि पूर, उष्णता यांना तोंड द्यायची तयारी करायची, याचा लेखी कार्यक्रम. मी ऊर्जा लेखापरीक्षणाच्या कामात आहे आणि माझा बराच वेळ नगरपरिषदांच्या पंपहाऊसमध्ये जातो, म्हणून माझं उत्तर जरा एकांगी वाटेल: सुरुवात पाणीपुरवठ्याच्या वीजबिलापासून करा. पर्यावरणाचं नंतर बघू.

कारण साधं आहे. तुमच्या आकाराच्या गावात नगरपरिषद स्वतः जी वीज वापरते, तिचा सगळ्यात मोठा वाटा नदीतून किंवा धरणातून पाणी उचलण्यात जातो. त्याखालोखाल पथदिवे. कार्यालयातले पंखे, एसी, संगणक हे किरकोळ. तरीही कित्येक आराखड्यांची पहिली पानं ‘कार्यालयात एलईडी ट्यूब बसवणे’ याच कलमाने भरलेली असतात, कारण ते सोपं आहे आणि फोटो छान येतो.

लेखा विभागाकडून जॅकवेल (नदीकाठची पाणी उपसायची विहीर) आणि जलशुद्धीकरण केंद्राची मागच्या 12 महिन्यांची बिलं मागवा. बहुतेक ठिकाणी असं असतं की बिल लेखापालाकडे येतं, तो जमेल तसं भरतो, थकबाकी वाढली की महावितरणची नोटीस येते, आणि या सगळ्यात पाणीपुरवठा अभियंत्याने बिल डोळ्याने पाहिलेलंच नसतं. उच्चदाबाच्या बिलावर करार मागणी (महावितरणकडे मंजूर करून घेतलेला कमाल भार) किती केव्हीए (त्या भाराचं एकक) आणि प्रत्यक्ष नोंदलेली मागणी किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. करार मागणी फार जास्त असेल तर न वापरलेल्या क्षमतेचे पैसे दरमहा जातायत. फार कमी असेल तर दंड लागतोय. दुसरं म्हणजे, एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच युनिटवर, म्हणजे कामाला न लागलेली वीजही धरून, आकारणी होते. पूर्वी पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामाला किती लागली ते प्रमाण) बिघडला की दंडाची वेगळी ओळ दिसायची आणि कुणीतरी ओरडायचं. आता तो तोटा युनिटांच्या आकड्यात मिसळून जातो. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनल महिनोन्महिने बंद पडलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. तिसरं, बंद पडलेल्या बोअरच्या, पाडलेल्या शाळेच्या जोडण्यांची बिलं अजून येतात का तेही पाहा. येतात, हे मी पैजेवर सांगतो.

मग एक दिवस अभियंत्याला बरोबर घेऊन जॅकवेलवर जा. डिलिव्हरीच्या पाइपावरचं प्रेशर गेज पाहा. बहुधा काच फुटलेली असेल आणि काटा एकाच जागी अडकलेला असेल. फ्लोमीटर असेल तर तो बंद असेल. ऑपरेटरच्या लॉगबुकात मात्र रोज तेच तास, तोच प्रवाह शिस्तीत लिहिलेला सापडेल. यात ऑपरेटरचा दोष काढू नका, त्याला मोजायला काही दिलेलंच नाही. मोजायचं असेल तर उंच टाकीचा आऊटलेट व्हॉल्व्ह तासभर बंद ठेवून पातळी किती वाढली ते बघा. टाकीचं क्षेत्रफळ गुणिले वाढलेली उंची, झाला प्रवाह. क्लॅम्प मीटरने मोटरची वीज मोजा. एवढ्यावर पहिला अंदाज निघतो. नेमका आकडा नंतर भाड्याच्या अल्ट्रासोनिक मीटरने काढता येईल.

अजून एक गोष्ट तिथेच दिसेल: डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद. योजना 30 वर्षांनंतरच्या लोकसंख्येवर आखलेली असते, पंप गरजेपेक्षा जास्त हेडचा (पाणी चढवायच्या उंचीचा) घेतलेला असतो. पूर्ण उघडला की मोटर जास्त अँपिअर घेते, म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह दाबून ठेवतो. वीज जाते ती त्या व्हॉल्व्हवर. इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) ट्रिम करणं म्हणजे कापून लहान करणं, किंवा योग्य हेडचा पंप बसवणं हा त्यावरचा उपाय.

हिशेब करून दाखवतो. 60 हजार लोक, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज 8 दशलक्ष लिटर, 8,000 घनमीटर. घर्षणासकट हेड 60 मीटर धरू. एक घनमीटर पाणी 60 मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने 0.163 युनिट पुरतात, म्हणजे रोजचे साधारण 1,300 युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 65 टक्के असेल तर 2,000 युनिट लागतील, 45 टक्क्यांवर आली असेल तर 2,900. रोजचा फरक 900 युनिटांचा, वर्षाचा सव्वातीन लाखांचा. 8 रुपये दर धरला तर 26 लाख रुपये. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे ढोबळ 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, तो झाला सुमारे 230 टन. एक वाढलेलं झाड वर्षाला 20 किलो शोषतं असं मानलं तर हे साडेअकरा हजार मोठ्या झाडांचं काम आहे. वृक्षलागवड जरूर करा, सावली हवीच आहे. पण आराखड्यात कार्बनचा सगळा भार रोपांवर टाकलेला दिसला की मी तो बाजूला ठेवतो.

पंप सुधारला तरी गळती राहतेच. उचललेल्या पाण्यातलं 35 टक्के वाटेत गेलं, तर विजेतलंही 35 टक्के तिथेच गेलं. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेलं मलकापूर या बाबतीत पाहण्यासारखं आहे. छोट्या गावाने 24 तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापर वाढला की वाढता दर, हे करून दाखवलं. तेव्हा कुणी त्याला हवामान कृती म्हटलं नव्हतं. तुमचा व्हॉल्व्हमन कोणत्या गल्लीत पाणी किती वेळ सोडतो आणि का, हे त्याच्याशी बसून समजून घ्या. गळतीचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो.

आता याच पंपहाऊसची दुसरी बाजू. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. रस्त्यावर पाणी आणि नळ कोरडे, लोक टँकरची वाट बघत उभे, अशी गत झाली. म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेणं हा वेगळा विषय नाही. मोटर आणि पॅनल पूररेषेच्या वर आहेत का? रोहित्र कुठे आहे? वीज गेली तर जनरेटर किती तास चालेल आणि त्याचं डिझेल कोण आणून देतं? उन्हाळ्यात नदीची पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो का? या चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढली की तुमच्या आराखड्याचं अनुकूलनाचं प्रकरण बरंचसं झालं. उष्णतेची लाट, नाल्यांची रुंदी हे पुढे जोडा.

संपूर्ण शहराचं उत्सर्जन मोजायचं काम त्यानंतर. घरं, वाहनं, दुकानं, कारखाने हे नगरपरिषदेच्या हातात थेट नसतात, पण चित्र माहीत हवं. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र महावितरणच्या कार्यकारी अभियंत्याला द्या आणि वर्गवारीनुसार वीजविक्री मागा. पेट्रोल पंपांकडून आणि गॅस एजन्सींकडून वर्षाची विक्री घ्या. डिझेलच्या लिटरमागे 2.7 किलो, पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 किलो, घरगुती गॅसच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमागे साधारण 42 किलो असा गुणाकार केला की ढोबळ अंदाज मिळतो. तुलनेसाठी मुंबई: मार्च 2022 मध्ये आलेल्या तिच्या आराखड्यात 2019 चं उत्सर्जन 2 कोटी 34 लाख टन दाखवलंय, त्यात 72 टक्के इमारती आणि उद्योगांच्या ऊर्जेचं, 20 टक्के वाहतुकीचं, 8 टक्के कचऱ्याचं. तुमच्या गावात प्रमाण वेगळं निघेल. दशांशांच्या मागे लागू नका. 72 की 69, यावरून तुमचा एकही निर्णय बदलणार नाही.

कचऱ्याचं मात्र थोडं सांगतो, कारण तो पूर्णपणे तुमच्या अखत्यारीतला आहे. डेपोवर ओला कचरा कुजला की मिथेन निघतो आणि तो 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापवतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याने घरातूनच वर्गीकरण करून घेतलं, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि जुन्या डेपोची जागा लोकांनी बघायला यावी अशी केली. तिथली यंत्रं इतर ठिकाणीही विकत मिळतात. दारात मिसळलेला कचरा परत करणारा कर्मचारी आणि त्याच्या पाठीशी उभं राहणारी नगरपरिषद, हे मिळणं कठीण.

तुम्ही विचारलं नाहीत तरी युरोपचं एक उदाहरण देतो, कारण आपल्याकडचे बरेच आराखडे त्याच साच्यातून आले आहेत. 2008 मध्ये तिथे ‘कव्हेनंट ऑफ मेयर्स’ हा हवामानासाठी शहरांनी स्वेच्छेने करायचा करार सुरू झाला. 2015 पासून त्यात अनुकूलनही आलं. सही करण्याआधी परिषदेत ठराव लागतो, 2 वर्षांत आराखडा द्यावा लागतो आणि पुढे दर 2 वर्षांनी प्रगतीचा अहवाल. मला त्यातली आवडलेली गोष्ट निराळीच आहे: ज्या गावाकडे अभियंता नाही, पैसा नाही, त्याला वरची पातळी हात देते. बार्सिलोना प्रांताच्या परिषदेने आपल्या छोट्या नगरपालिकांना असं पाठबळ दिलं. शेजारची गावं मिळून एकच आराखडाही करू शकतात. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2020 ला राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरण अभियान सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच भागांत गुण मिळतात. त्या निमित्ताने नगरपरिषदा ऊर्जा लेखापरीक्षण तरी करू लागल्या, हे मी मान्य करतो. पण गुणांची स्पर्धा म्हटली की पुरावे गोळा करण्यातच माणसं दमतात. अग्नी (ऊर्जा) विभागासाठी केलेला जुना अहवाल तुमच्या कार्यालयात कपाटात असण्याची दाट शक्यता आहे. आधी तो शोधा. शिवाय तुमच्याच जिल्ह्यातल्या आणखी दोन-तीन नगरपरिषदांना बरोबर घेऊन एक ऊर्जा अभियंता सामायिक नेमता येईल का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगर प्रशासन शाखेत विचारा.

पैशांचं म्हणाल तर वेगळा ‘हवामान निधी’ शोधत बसू नका. पाणी आणि गळतीची कामं केंद्राच्या अमृत 2.0 सारख्या शहरी पाणी योजनेत बसतात का ते पाहा. वित्त आयोगाच्या अनुदानात पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित (त्याच कामासाठी राखलेला) भाग असतो. महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था) आणि जिल्हा नियोजन समितीकडेही विचारणा करा. शाळांच्या छतावरचा सौर प्रकल्प कंपनीने स्वतःच्या खर्चाने उभारायचा आणि तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्यायचे, अशा पद्धतीनेही होतो. मात्र आधी पंप सुधारा, मग सौर बसवा. उलट क्रमाने केलं तर गळणाऱ्या विजेसाठी जास्त पॅनलं घ्यावी लागतील.

आराखडा टिकवायचा असेल तर तो अर्थसंकल्पात घुसवा. मुंबई महापालिकेने 2024 मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा अहवाल काढला, कोणता खर्च कोणत्या हवामान उद्दिष्टाला लागतो हे दाखवणारा. नॉर्वेच्या ऑस्लोने ही पद्धत काही वर्षं आधी सुरू केली होती. तुम्हाला एवढं मोठं काही नको. ‘जॅकवेल पंप क्रमांक 2 बदलणे’ असं लेखाशीर्षाखाली रकमेसकट आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासकट लिहून घ्या, आणि सर्वसाधारण सभेत ठराव करा. मुख्याधिकारी बदलून जातात. नवीन आलेल्याला आराखड्याचं पुस्तक वाचायला वेळ नसतो, पण मंजूर अर्थसंकल्पातलं काम त्याच्या टेबलावर येतंच.

राहिला तुमचा सल्लागार. त्याला नेमू नका असं मी म्हणत नाही, पण आधी त्याने दुसऱ्या गावासाठी केलेला आराखडा मागून घ्या आणि त्यात गावाचं नाव झाकून वाचा. तुमच्याही गावाला जसाच्या तसा लागू पडला, तर नमस्कार करून मोकळं व्हा. नेमलंत तर करारात लिहा की प्रत्येक पंपाचा मोजलेला प्रवाह, हेड आणि वीज यांचा तक्ता मूळ एक्सेल फाइलीसकट नगरपरिषदेकडे राहील, मोजमाप करताना तुमचा अभियंता हजर असेल, आणि फीचा शेवटचा हप्ता पहिला पंप बदलून पुढची तीन बिलं आल्यावर दिला जाईल. या अटीला तो लगेच तयार झाला, तर रकमेवर घासाघीस करायला हरकत नाही.