25,500 हातात की 27,000 सीटीसी?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, राहायला पुण्यात वाघोलीला, आणि दोन ऑफर: हडपसरच्या छोट्या हॉस्पिटलची 25,500 हातात, पीएफ नाही, औंधच्या मोठ्या हॉस्पिटलची 27,000 सीटीसी, म्हणजे हॉस्पिटल तुमच्यावर करणार तो एकूण खर्च. कुठे जावं, हा प्रश्न.

आधी 27,000 सोलून बघा. बेसिक 15,000 धरलं तर मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) साधारण 720 त्यातच धरलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800. हातात येणार 22,680. (व्यवसाय कर बायकांना महिना 25,000 पर्यंत नाही, ब्रदरचे (पुरुष नर्सचे) 200 आणखी कापले जातात.)

म्हणजे छोटं हॉस्पिटल 2,800 नं पुढे? तिथे ड्यूटी 12 तासांची. महिन्याच्या 26 ड्यूट्या म्हणजे 312 तास, तासाला 82 रुपये. औंधला 8 तासांप्रमाणे 208 तास, तासाला 109. शिवाय पीएफचे दरमहा 3,600 तुमच्याच नावावर जमा होतात (त्यातले 1,250 पेन्शन योजनेत). ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं टिकलात तरच, तेव्हा ती तूर्त विसरा. आणि 20 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर हॉस्पिटलला पीएफचा कायदा लागू होतो; मग पीएफ का नाही, हे हडपसरवाल्यांना जरूर विचारा.

पण माझ्या मते खरा फरक नाईटला कळतो. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट, हे एचआरला विचारू नका, वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. रात्री 10 ची अँटिबायोटिक्स घ्या: पावडर विरघळवायची, 100 मिलीच्या सलाईनमध्ये घालायची, आयव्ही लाईन तपासायची, चार्टवर सही. एका पेशंटला आठ मिनिटं. सहा पेशंट असतील तर पाऊण तासात उरकतं. चौदा असतील तर शेवटच्याचा डोस बारापर्यंत जातो, आणि उशीर का झाला हे सकाळी तुम्हालाच विचारतात. रात्री मावशी नसतील तर बेडपॅन आणि लॅबला सँपल पोचवणंही तुमच्याकडेच. आयसीयूत व्हेंटिलेटरचा पेशंट एकास एक हवा. दोन-तीन देत असतील तर नवख्या माणसानं तिकडे जाऊ नये.

औंधची अडचण वेगळी. दुपारची ड्यूटी 10 ला सुटते, हँडओव्हर (पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं) धरून साडेदहा, मग वाघोली गाठायची. हॉस्पिटलची गाडी किंवा हॉस्टेल आहे का, हॉस्टेलचे पैसे पगारातून कापतात का, हे आधी ठरवून घ्या. गाडी नसेल तर रिक्षाच बरेच पैसे खाईल.

सरकारी जाहिरातींवर लक्ष ठेवाच. ससूनसारख्या ठिकाणी कायम स्टाफ नर्सचं मूळ वेतन 35,400 पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. पण जाहिरातीत ‘एकत्रित मानधन’ दिसलं तर ती कंत्राटी जागा, भत्ते धरू नका.

बाँडवर (ठराविक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) सही करण्याआधी त्यातली रक्कम आणि मुदत वाचा. मूळ मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कुणाकडेही जमा ठेवू नका: मूळ दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ पिशवीत टाकूनच उठा.